ॲम्प सिम आणि वेगवेगळ्या गिटारी: पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

ॲम्प सिम्युलेशनचं, म्हणजे गिटारच्या ॲम्पचा आवाज कॉम्प्युटरवर उभा करणारं सॉफ्टवेअर (थोडक्यात ॲम्प सिम) उघडलं की समोर प्रीसेटची, म्हणजे तयार सेटिंगची लांबलचक यादी येते. ‘वॉर्म क्लीन’, ‘ब्रिटिश क्रंच’, ‘मॉडर्न लीड’. नवा माणूस ती यादी वरून खाली दाबत जातो. एखाददुसरा आवाज आवडतो, बाकीचे कर्कश नाहीतर गढूळ वाटतात, आणि तासाभरात निकाल लागतो की सॉफ्टवेअर भिकार आहे किंवा आपली गिटार तरी. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. प्रीसेट बनवणाऱ्याच्या हातात वेगळी गिटार होती, तिच्यावर वेगळे पिकअप (तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग) होते आणि त्याच्या इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यातून) सॉफ्टवेअरला मिळणारा सिग्नल तुमच्यापेक्षा जोरकस किंवा हलका होता. एवढ्याने त्याच ॲम्पचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो.

तुमच्याकडे दोन-तीन इलेक्ट्रिक गिटारी असतील, किंवा मित्राची दोन दिवसांसाठी आणता येत असेल, तर त्या एकाच सॉफ्टवेअरमधून नीट कशा तपासायच्या ते इथे क्रमाने सांगतो. सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: गिटारींमधला फरक ॲम्पच्या आधी पुसायचा नाही. आवाजाची पातळी जुळवायची ती ॲम्पच्या नंतर.

आधी जोडणी

सामान मोजकं लागतं. गिटार, नेहमीची 6.35 मिमीची मोनो केबल, ऑडिओ इंटरफेस, कॉम्प्युटर आणि हेडफोन किंवा स्टुडिओ मॉनिटर. इंटरफेसवर गिटारसाठी वेगळं इनपुट असतं. त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं असतं, नाहीतर गिटारचं छोटं चित्र असलेलं बटण असतं, आणि काही इंटरफेसमध्ये हा बदल सोबतच्या सॉफ्टवेअरमधून करावा लागतो. तो चालू आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. पॅसिव्ह पिकअपच्या पुढे साधारण 1 मेगाओम इम्पिडन्सचं इनपुट हवं. लाइन इनपुट बहुधा 10 किलोओमच्या आसपास असतं. तिथे गिटार लावली तर पिकअपवर भार पडून वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात आणि आवाज बोथट होतो. मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल कितीही वाढवा, जे कॉम्प्युटरपर्यंत पोचलंच नाही ते परत येत नाही. लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटला अडॅप्टर लावून गिटार जोडायचा मोह याचसाठी टाळायचा.

केबलचाही हिशेब असतो. साध्या गिटार केबलमध्ये दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. केबल जितकी लांब, तितका ट्रेबल कमी. तीन मीटरची केबल ठीक, पण महत्त्वाचं हे की तुलनेच्या वेळी सगळ्या गिटारींना तीच केबल लावा.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक मोनो ठेवा आणि गिटार ज्या इनपुटला आहे तेच निवडा. स्टिरिओ ट्रॅक घेतला तर आवाज एकाच कानात येतो आणि लोक हेडफोन बिघडला समजून बसतात. इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बंद करा. ते चालू राहिलं तर ॲम्पच्या आवाजाखाली गिटारचा मूळ किरकिरा आवाजही ऐकू येत राहतो, आणि त्या भेसळीवरून सॉफ्टवेअरबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं

यावर फार वेळ घालवू नका. मॅकवर गॅरेजबँडमध्ये ॲम्प आधीच असतात. विंडोजवर आणि मॅकवर गिटार रिग आणि ॲम्प्लिट्यूब यांच्या मोफत आवृत्त्या मिळतात, न्यूरल डीएसपीचे प्लगइन (दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारे प्रोग्रॅम) 14 दिवस पूर्ण वापरून बघता येतात, आणि लिनक्सवर गिटारिक्स आहे. न्यूरल ॲम्प मॉडेलर, ज्याला सगळे ‘नॅम’ म्हणतात, ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्यात लोकांनी खऱ्या ॲम्पवरून बनवलेली मॉडेलं लावता येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नॅमचं बहुतेक मॉडेल म्हणजे त्या ॲम्पचे नॉब एका ठरावीक जागी असतानाची नोंद असते. म्हणून त्यात गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) फिरवला की खऱ्या ॲम्पचा गेन फिरतो असं नाही, आत जाणारा सिग्नल कमी-जास्त होतो. शिकण्यासाठी, नॉब फिरवून काय होतं ते कळण्यासाठी, पहिलं सॉफ्टवेअर नॉबवालं असलेलं बरं.

प्लगइन चालवायला रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लागेल. रीपर 60 दिवस विनामूल्य वापरून बघता येतं आणि या कामाला पुरून उरतं. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) टाका. तो नसेलच तर एएसआयओ4ऑल हा दुय्यम पर्याय आहे. मॅकवर वेगळं काही करावं लागत नाही.

लेटन्सी

तार छेडल्यापासून आवाज कानात येईपर्यंतचा उशीर म्हणजे लेटन्सी. ती मुख्यतः बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती तुकडे (सँपल) एका वेळी गोळा करून हाताळतो त्यावर, ठरते. 48 किलोहर्ट्झला 128 सँपलचा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 256 म्हणजे 5.3, 512 म्हणजे 10.7. हा उशीर आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा लागतो, शिवाय कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेगळा. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण 2.9 मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीन मीटरवर ठेवलेल्या खऱ्या ॲम्पचा आवाजही 9 मिलिसेकंद उशिराच येतो. एकूण लेटन्सी दहाच्या आत असेल तर बहुतेकांना खटकत नाही. 128 पासून सुरुवात करा. आवाज तुटायला, टकटक यायला लागली तर 256 वर जा. पुढे रेकॉर्ड केलेलं नुसतं ऐकत असाल तेव्हा बफर 1024 केला तरी फरक पडत नाही, उलट कॉम्प्युटर सुखाने चालतो.

गेन एकदाच लावा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

रेकॉर्डिंग शिकवताना सांगितलं जातं की लेव्हल नीट भरा, मीटर उणे 12 डेसिबलपर्यंत जाऊ द्या. गायकासाठी ते ठीकच आहे. गिटार आणि ॲम्प सिमच्या बाबतीत हाच नियम प्रत्येक गिटारला वेगवेगळा लावला की तुलनाच संपते. खऱ्या ॲम्पमध्ये जोरकस हमबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) पहिल्या ट्यूबला जास्त ढकलतो, म्हणून आवाज लवकर फाटतो. हलका सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) तेवढा ढकलत नाही, म्हणून तो त्याच सेटिंगवर स्वच्छ राहतो. हा फरक म्हणजेच त्या गिटारचा स्वभाव. इंटरफेसवर हमबकरसाठी गेन कमी आणि सिंगल कॉइलसाठी जास्त केला की दोन्ही सारख्याच जोराने ॲम्पला भिडतात. मग माणूस म्हणतो, ‘या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या गिटारी सारख्याच वाजतात.’ वाजणारच!

म्हणून असं करा. तुमच्याकडची सगळ्यात जोरकस गिटार घ्या. ब्रिज पिकअप (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्याजवळचा), व्हॉल्यूम पूर्ण, आणि जितक्या जोरात तुम्ही कधी वाजवाल तितक्या जोरात कॉर्ड हाणा. इंटरफेसचा गेन शून्यावरून सुरू करा. शून्यावरही मीटर पुरेसा हलत असेल तर तिथेच ठेवा, फार कमी असेल तर थोडा वाढवा, पण लाल दिवा एकदाही लागता कामा नये. त्या जागी नॉबशेजारी पेन्सिलने खूण करा. आता कोणतीही गिटार लावा, या नॉबला हात लावायचा नाही.

हलक्या गिटारचा मीटर मग उणे 20 च्या आसपासच घुटमळेल. घाबरू नका. 24 बिटच्या रेकॉर्डिंगची सैद्धांतिक कक्षा 144 डेसिबल आहे, त्यात उणे 20 म्हणजे काहीच नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मॅन्युअलच्या मागच्या पानांत दडलेला असतो. दोन इंटरफेस एकाच गिटारला एकसारखा आकडा देत नाहीत. इंटरफेसच्या माहितीत इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी डीबीयूमध्ये (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप) दिलेली असते. समजा एका इंटरफेसची ती 9 आहे आणि दुसऱ्याची 15. दोन्हींचा गेन शून्यावर ठेवला तर एकच गिटार, एकच हात असूनही दुसऱ्यात सिग्नल 6 डेसिबलने हलका पोचेल. प्लगइनच्या आतला ॲम्प हा फरक ‘गिटार बदलली’ असाच समजतो. म्हणून काही प्लगइनच्या माहितीत कोणत्या पातळीला धरून ते बनवलंय हे दिलेलं असतं, आणि नॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या इंटरफेसचा आकडा भरायची सोयही असते. माहिती मिळाली तर प्लगइनच्या इनपुट नॉबवर तेवढा फरक भरून काढा. वरच्या उदाहरणात प्लगइन 9 धरून बनवलं असेल आणि तुमचा इंटरफेस 15 चा असेल, तर इनपुट 6 डेसिबलने वाढवायचं. मग तो नॉबही विसरून जायचा. माहिती नाही मिळाली तर इनपुट जिथे आहे तिथेच ठेवा आणि पुढे चला, फक्त मधेच बदलू नका.

कोणत्या गिटारकडून काय अपेक्षा ठेवायची

आकार, रंग, लाकूड यांवर तासन्‌तास वाद घालता येतात. ॲम्प सिमसमोर सगळ्यात आधी ऐकू येतो तो पिकअप.

सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती एक वेटोळं. 1950 च्या दशकातल्या फेंडरच्या टेलिकास्टर आणि 1954 ची स्ट्रॅटोकास्टर यांनी हा आवाज घराघरांत नेला. वरच्या फ्रिक्वेन्सी मोकळ्या, तारेवर प्लेक्ट्रम आदळल्याचा क्षण स्पष्ट, आणि सोबत विजेची घरघर. ही घरघर जिथे वीज 50 हर्ट्झची असेल तिथे 50 ची आणि 60 ची असेल तिथे 60 ची, तिच्या पटींसह येते. हमबकरमध्ये दोन वेटोळी उलट्या दिशेने जोडलेली असतात, म्हणून घरघर एकमेकांना मारते आणि तारेचा आवाज बेरजेने वाढतो. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1957 पासून तो लेस पॉलवर बसू लागला. त्याआधीच्या, म्हणजे 1952 पासूनच्या लेस पॉलवर पी-90 होते. पी-90 हा सिंगल कॉइलच, पण रुंद आणि चपटा. मधल्या फ्रिक्वेन्सी भरदार, घरघर मात्र तशीच. माझ्या मते ॲम्प सिममध्ये सर्वांत कमी कष्टात छान वाजणारा पिकअप हाच, आणि नवखे लोक नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

ॲक्टिव्ह पिकअप, उदाहरणार्थ ईएमजी 81, यात बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प असतो. त्याचा आउटपुट इम्पिडन्स कमी असल्यामुळे केबलची लांबी किंवा इनपुटचा भार त्याला फारसा बाधत नाही. बॅटरी उतरत आली की आवाज दबका आणि फाटका होतो. अशा वेळी प्लगइनला दोष देण्याआधी 9 व्होल्टची नवी बॅटरी टाकून बघा.

आणखी एक फरक तारांच्या लांबीचा. फेंडरच्या बहुतेक गिटारींची स्केल 25.5 इंच, गिब्सनची साधारण 24.75 इंच. एकाच गेजच्या तारा एकाच स्वराला लावल्या तर लांब स्केलवर त्या जास्त ताणलेल्या असतात. खालच्या तारांचा आवाज त्यामुळे घट्ट आणि नेमका येतो, हाय गेनमध्ये हे चटकन कळतं.

तुलनेआधी प्रत्येक गिटार सुरात लावा आणि पिकअपची उंची बघा. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर सिंगल कॉइलचं चुंबक तारेलाच खेचतं, स्वर डळमळतो. आणि एका गिटारवर कालच्या तारा, दुसरीवर वर्षापूर्वीच्या गंजक्या, अशी तुलना म्हणजे तारांची तुलना झाली.

कोरडं रेकॉर्डिंग करा

थेट वाजवत गिटारी बदलत बसलात तर प्रत्येक वेळी हात वेगळा चालतो, शिवाय पहिली गिटार कशी वाजत होती हे दुसरी लावेपर्यंत कान विसरतात. त्यापेक्षा प्रत्येक गिटारचा डीआय ट्रॅक, म्हणजे ॲम्पशिवायचा कोरडा सिग्नल, एकदा रेकॉर्ड करून ठेवा. वाजवताना कानात ॲम्प ऐकू येऊ दे, पण रेकॉर्ड कोरडंच होऊ दे. ट्रॅकवर प्लगइन इन्सर्ट म्हणून टाकलं की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप असंच होतं.

काय वाजवायचं? गाणं नको. मेट्रोनोम लावा, 90 च्या लयीत. आधी ई मेजरचा ओपन कॉर्ड, वरून खाली सावकाश, प्रत्येक तार वेगळी ऐकू येईल असा, आणि मग तोच जोरात. नंतर बाराव्या फ्रेटवर एक स्वर धरून तो पूर्ण विरेपर्यंत थांबा. मग सर्वांत जाड तारेवर पाम म्यूट (तळहाताची कड तारेवर टेकवून), आठव्या हिश्शात, चार मोजणं. मग बोटांनी हलक्या हाताने अर्पेजिओ. शेवटी एकच पॉवर कॉर्ड चारदा, पण गिटारचा व्हॉल्यूम नॉब दर वेळी खाली आणत: 10, 7, 5, 3. हे सगळं एका मिनिटात बसतं. प्रत्येक गिटारवर ब्रिज आणि नेक (मानेजवळच्या) पिकअपने एकेकदा, त्याच प्लेक्ट्रमने. टोन नॉब पूर्ण उघडा ठेवा.

ट्रॅकला लगेच नाव द्या. ‘स्ट्रॅट ब्रिज’, ‘हमबकर नेक’. ‘ऑडिओ 07’ हा कोण होता हे उद्या तुम्हाला सांगता येणार नाही.

आता सगळे ट्रॅक एकाखाली एक आहेत. एकच ॲम्प सिम सगळ्यांवर लावा किंवा सगळ्यांचा आवाज एका बसवर (अनेक ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या सामायिक ट्रॅकवर) नेऊन त्या बसवर ॲम्प टाका आणि एका वेळी एकच ट्रॅक सोलो करा. दुसरी पद्धत सोपी, नॉब फिरवला की सगळ्यांसाठी फिरतो. फक्त दोन ट्रॅक एकत्र वाजू देऊ नका, ॲम्पला दोन गिटारी एकदम मिळाल्या की डिस्टॉर्शनची पार खिचडी होते.

कॅबिनेट: अर्धा आवाज इथे आहे

गिटारच्या 12 इंची स्पीकरला साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवता येत नाही. डिस्टॉर्शनमधला सगळा कर्कशपणा तिथेच गाळला जातो. सॉफ्टवेअरमध्ये हे काम कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) विभाग करतो, बहुधा इम्पल्स रिस्पॉन्स (खऱ्या स्पीकरच्या आवाजाची नोंद) वापरून, ज्याला सगळे आयआर म्हणतात. तो बंद असेल तर हाय गेनचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. उलट, नॅमच्या मॉडेलमध्ये कॅबिनेट आधीच असेल आणि वर तुम्ही आणखी एक आयआर लावलात, तर आवाज गुदमरतो. मॉडेलच्या वर्णनात फक्त ॲम्प आहे की कॅबसकट, हे वाचा.

गिटार बदलली आणि आवाज टोचायला लागला तर हात आधी ॲम्पच्या ट्रेबलकडे जातो. त्याआधी माइकची जागा हलवून बघा. एसएम57 हा माइक स्पीकरच्या मधोमध असेल तर आवाज धारदार, कडेकडे सरकवला की मऊ. एका सेंटिमीटरचा फरकही ऐकू येतो, आणि मला विचाराल तर ॲम्पचे तीन नॉब मिळून जे करत नाहीत ते ही एक हालचाल करते. तुलनेच्या काळात मात्र कॅबिनेट आणि माइक एकदा ठरवून तसेच ठेवा.

इथे एक अपेक्षाभंगही सांगून टाकतो. ॲम्प सिममधून येतो तो माइकसमोर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तो. खोलीत उभं राहून पोटऱ्यांना जाणवणारा ॲम्प वेगळा. हेडफोनवर तो मिळणार नाही, आणि सेमी-हॉलो गिटारचा ॲम्पसमोर उभं राहून काढलेला फीडबॅकही मिळणार नाही, कारण त्यासाठी हवेने तारा हलाव्या लागतात. मॉनिटरवर मोठ्याने वाजवलं तर थोडाफार जमतो.

ऐकायची रीत

सुरुवात क्लीनने करा. फेंडर ट्विन रिव्हर्बच्या धर्तीचा ॲम्प जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतो, नाव वेगळं असलं तरी चित्र बघून ओळखू येतो. रिव्हर्ब, डिले, कंप्रेसर, गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारा भाग) सगळं बंद. बास, मिड, ट्रेबल मध्यावर. इथे गिटार उघडी पडते. सिंगल कॉइलचा अर्पेजिओ तार न्‌ तार सुटी दाखवेल, हमबकरचा नेक जाड वाटेल आणि कदाचित जोरात वाजवल्यावर किंचित फाटेल. ते फाटणं टिपून ठेवा, पुढे कामी येईल.

तुलनेत बहुतेक वेळा मोठा आवाज जिंकतो. एकच आवाज 1 डेसिबलने वाढवून ऐकवला तरी कान म्हणतात, हा जास्त चांगला. म्हणून ॲम्पनंतर, ट्रॅकच्या आउटपुटवर किंवा बसच्या शेवटी, प्रत्येक गिटारची पातळी मीटर बघून सारखी करा. बसची पद्धत वापरत असाल तर प्रत्येक गिटारचा आवाज वेगळा ट्रॅक म्हणून काढून घ्या आणि मग जुळवा. मूळ डीआय ट्रॅकचा फेडर हलवून जुळवू नका, तो ॲम्पच्या आधी येतो.

मग क्रंच, म्हणजे हलका फाटका आवाज. व्हॉक्स एसी30 किंवा जुन्या मार्शलच्या धर्तीचा ॲम्प घ्या. मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम45, फेंडर बासमनच्या सर्किटवरून बेतलेला होता, त्यामुळे क्लीनवरून इकडे येताना काही ओळखीचं वाटलं तर आश्चर्य नको. गेन असा लावा की मधल्या जोराची गिटार हलक्या हाताने स्वच्छ आणि जोरात वाजवल्यावर फाटकी वाजेल. याच उंबरठ्यावर गिटारींमधला फरक सगळ्यात जास्त ऐकू येतो. पॉवर कॉर्डचा तो चार वेळा वाजवलेला तुकडा इथे ऐका. व्हॉल्यूम 10 वरून 5 वर आला की आवाज स्वच्छ होतो का? स्वच्छ होताना ट्रेबल हरवतो का? ट्रेबल हरवत असेल तर तो त्या गिटारच्या व्हॉल्यूम पॉटचा आणि केबलचा मामला आहे, प्लगइनचा नाही. व्हॉल्यूम पॉटवर छोटा कपॅसिटर लावून तो बऱ्याच अंशी सुटतो.

प्लगइनमध्ये फझ पेडल असेल तर तेही इथे लावून बघा, पण खऱ्या फझ फेससारखी वागणूक मिळेलच असं नाही. त्या पेडलचा इनपुट इम्पिडन्स फार कमी असतो, तो पिकअपवर भार टाकतो आणि व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज काचेसारखा स्वच्छ होतो. तुमचा पिकअप मात्र आता इंटरफेसच्या 1 मेगाओमला जोडलेला आहे. सॉफ्टवेअरला तो भार मागे पाठवता येत नाही.

शेवटी हाय गेन. मेसा बूगी रेक्टिफायरच्या धर्तीचा ॲम्प, 4 स्पीकरचं कॅबिनेट. इथे नवखे लोक गेन पाऊण ते पूर्ण ठेवतात. निम्म्यावर आणा. पाम म्यूटचा तुकडा ऐका: प्रत्येक ठोका वेगळा कळतोय की सगळे एकमेकांत मिसळतात? मिसळत असतील, विशेषतः हमबकरवर, तर उपाय ॲम्पच्या बास नॉबमध्ये नसतो. डिस्टॉर्शनच्या आधी खालच्या फ्रिक्वेन्सी कापाव्या लागतात. ॲम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचं पेडल लावा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. ते पेडल साधारण 720 हर्ट्झच्या खालचा भाग कमी करून मधला भाग पुढे आणतं, म्हणून म्यूट केलेल्या तारा घट्ट होतात. ॲम्पच्या आधीचा ईक्यू (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणं) फाटण्याचा पोत बदलतो, नंतरचा ईक्यू फक्त रंग बदलतो. हे एकदा कानाने कळलं की अर्धी लढाई संपते.

घरघर आणि गेट

सिंगल कॉइल आणि पी-90 हाय गेनवर गुरगुरणारच. गेट लावण्याआधी उगम कमी करा. खुर्चीवर बसल्या बसल्या अंग गोल फिरवा, एका दिशेला घरघर सर्वांत कमी होते. मॉनिटर, ट्रान्सफॉर्मर आणि फोन यांपासून दूर बसा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर किरकिर थांबली तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. स्ट्रॅटवर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर, घरघर मिटते.

गेटचा थ्रेशहोल्ड गिटारप्रमाणे बदलावा लागतो, कारण तो आत येणाऱ्या पातळीवर चालतो. जोरकस हमबकरवर बनवलेल्या प्रीसेटचा गेट हलक्या सिंगल कॉइलवर स्वर विरायच्या आतच दार लावून टाकतो. ‘सस्टेन नाही’ अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी गेट बंद करून बाराव्या फ्रेटचा स्वर पुन्हा ऐका.

प्रीसेट आपल्या गिटारला बसवा

आता हा सगळा खटाटोप कामाला येतो. एखादा प्रीसेट आवडलाय पण तुमच्या गिटारवर पांगळा वाटतो? तुलना संपली आहे, तेव्हा आता प्लगइनचं इनपुट 3 डेसिबलने वाढवा, मग 6. सिंगल कॉइलवर हमबकरचा प्रीसेट एवढ्यानेच उभा राहतो. उलट बाबतीत, सिंगल कॉइलसाठी बनवलेला क्रंच तुमच्या हमबकरवर फार फाटत असेल, तर इनपुट तेवढंच कमी करा आणि ॲम्पच्या आधी 100 हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा. स्ट्रॅटची लेस पॉल होणार नाही. व्हायची गरजही नाही. ॲम्प मात्र ज्या जोरावर चांगला वाजतो त्या जोरावर येतो. ॲक्टिव्ह पिकअपसाठी बहुतेक वेळा इनपुट कमीच करावं लागतं.

इनपुट बसलं की गेट, मग माइकची जागा, आणि सर्वांत शेवटी ॲम्पचे टोन नॉब. या क्रमाने गेलात तर टोन नॉबना फारसं छळावं लागत नाही. मग प्रीसेट गिटारच्या आणि पिकअपच्या नावासकट, इनपुटच्या आकड्यासकट साठवा: ‘क्रंच, पी-90 नेक, अधिक 3’.

निवड करताना कमी आवाजात एकदा आणि बोलण्याच्या पातळीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात एकदा ऐका. कमी आवाजात कानांना बास आणि ट्रेबल दोन्ही कमी जाणवतात, म्हणून रात्री हळू आवाजात लावलेला टोन सकाळी मॉनिटरवर फुगलेला आणि टोचरा निघतो. शक्य असेल तर कोणाला तरी ट्रॅक उलटसुलट लावायला सांगा आणि नाव न बघता निवडा. महागड्या गिटारच्या मालकांनी हे मित्रांसमोर करू नये.

कोरडे ट्रॅक पुसू नका. पुढे नवं सॉफ्टवेअर आलं, नवा आयआर मिळाला की गिटार केसमधून न काढता त्याच ट्रॅकवर लावून बघता येतो. आणि एखादा रिफ दोन थरांत रेकॉर्ड करायचा असेल तर एकच गिटार दोनदा वाजवण्याऐवजी डावीकडे हमबकर आणि उजवीकडे सिंगल कॉइल, दोन्ही एकाच ॲम्पमधून पण वेगवेगळे वाजवून घ्या. गेन दोन्हींवर नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा, थर एकत्र वाजले की तो आपोआप जास्त भासतो.